रिकाम्या वाफ्याला पाणी

एकदा एका नदीकाठच्या गावात रोपे वाढवण्यात हयात घालवलेले एक वृद्ध राहत असत. सारे त्यांना अण्णा म्हणत. डोंगरावरच्या खेड्यातला गेनू त्यांच्याकडे ही विद्या शिकायला आला होता. हात चपळ, बुद्धी तल्लख. संयम मात्र बेताचाच.

त्या वर्षी टोमॅटोची रोपे करण्याचे काम अण्णांनी सर्वस्वी गेनूवर सोपवले. त्याच्याच खेड्यातल्या वीस घरांची लावणी या रोपांवर अवलंबून होती. गेनूने डोंगराची रीत पाळली. तिकडे भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमिनीवर पालापाचोळा पेटवून ती भाजतात. त्याला राब म्हणतात. गेनूने वाफा असा भाजला की तणाची काडी उरली नाही. बी झकास उगवले, गेनूची छाती फुगली, आणि दहाव्या दिवशी रोपे बुंध्याशी काळी पडून पटापट आडवी होऊ लागली. बुरशीने डाव साधला होता.

गेनूला रडू कोसळायचेच बाकी होते. आता आणखी एकदाच बी टाकण्याइतका अवधी उरला होता.

"अण्णा, या खेपेला दुप्पट पाला घालून भाजतो," तो म्हणाला.

अण्णांनी त्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. मेलेली रोपे दूर टाकायला लावली. मग मुरलेल्या शेणखतात त्यांनी जिवाणूंची भुकटी कालवली, ते खत वाफ्यात मिसळले आणि वर ओले गोणपाट अंथरले. बी मात्र टाकले नाही. रोज सकाळी ते झारी घेऊन त्या रिकाम्या वाफ्याला पाणी घालीत.

पाच दिवस गेनूने दम धरला. सहाव्या दिवशी त्याला राहवेना.

"अण्णा, दिवस चाललेत हातचे. पेरलेलं काहीच नाही, मग पाणी कुणाला घालताय?"

"राहायला आलेत त्यांना."

"त्या जंतूंना? जंतूंनीच तर माझा घात केला!"

अण्णा वाफ्याच्या कडेला बसले. "गेनू, भाताला तुमची रीत मानवत असेल. इथं तुझ्या विस्तवात वाईट बुरशी मेली, तसे तिला धाकात ठेवणारे जिवाणूही मेले. वाफा झाला मोकळं घर. मग पाण्यातून, शेजारच्या मातीतून बुरशी परत आली, आणि तिला अडवायला आत कुणी उरलंच नव्हतं. हे जिवाणू मुळांभोवती ठाण मांडतील, तिच्या तोंडचा घास आधी खातील. त्यांचं बस्तान बसायला सगळे मिळून आठ दिवस तरी दे."

नवव्या दिवशी बी पडले. ते उगवल्यावर पुन्हा दहावा दिवस आला, तेव्हा गेनू वाफ्याकडे जायला धजेना. अण्णांनीच हाक मारली. कडेची पाच-सात रोपे कलंडली होती. बाकी सारा वाफा ताठ उभा होता. गेनूने एक रोप हलकेच उपटले. मुळे पांढरीशुभ्र होती. त्याच्या जिवात जीव आला आणि तो तिथेच बसून मोकळेपणाने रडला.

अण्णांनी त्याला रडू दिले. मग म्हणाले, "ऊठ आता. खेड्यात निरोप धाड, पंधरा दिवसांनी पाट्या घेऊन या म्हणावं."

मनातले वाईट जाळून टाकणाऱ्यानेही तिथे चांगल्याची वस्ती लगोलग करावी.