तीन मिनिटांचा उशीर

एका शहरात संगणकावरच्या खेळांचा संघ चालवणारी आणि त्याचे सामने स्वतःच घरोघरी दाखवणारी एक कंपनी होती. परदेशात शिकून आलेली शाल्मली तिथे नोकरीला लागली, तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला हवी तशीच माणसं मिळाली. ऑफिसच्या भिंतीवर इंद्रधनुष्य होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जसे आहात तसे या.' ही ओळ पाळली जाते की नाही, हे बघणं हेच तिचं काम. पहिल्याच मोठ्या सामन्याला तिने जे पाहिलं, त्याने ती हादरून गेली.

असे सामने घरच्या प्रेक्षकांना तीन मिनिटं उशिरा दाखवतात. समोरच्या संघाने ते पाहून आपले डाव ओळखू नयेत, म्हणून ही रीत.

त्या दिवशी संघ जिंकला तो निहार या खेळाडूमुळे. मंचावर निवेदकाने त्याला विचारलं, "एवढा सराव तुझ्याकडून करून घेतं कोण?"

"आमचे हे," निहार म्हणाला. "ते बघा, तिसऱ्या रांगेत. अद्वैत. चार वर्षं एकत्र राहतोय आम्ही. सराव बुडाला की मला जेवायला वाढत नाहीत."

सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. आत प्रक्षेपणाच्या खोलीत शाल्मलीजवळ बसलेले मालक भोगटेसाहेब उभे राहिले.

"हे कापा. जाहिरात लावा. अजून अडीच मिनिटं आहेत."

शाल्मलीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "साहेब, पण आपली भिंत..."

"अगं, भिंत ऑफिसात आहे. आपला प्रायोजक जिथे माल विकतो, तिथे हे चालत नाही. त्याने आधीच बजावलंय."

"मग आपण इंद्रधनुष्याचे टी-शर्ट विकतो ते?"

"ते इथे विकले जातात."

तंत्रज्ञाने बटण दाबलं. शाल्मली दोन पावलांवर होती. पण ती जागची हलली नाही. लाखो घरांत निहारच्या जागी शीतपेयाची बाटली दिसली.

थोड्या वेळाने निहार फोन हातात धरून आला. "मॅडम, काही बिघाड झाला का हो? मिरजेहून आईचा फोन होता. मी आज अद्वैतचं नाव घेणार, हे तिला ठाऊक होतं. तिने सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून बसवलं होतं. म्हणाली, नेमकी तेव्हाच कसली मेली ती बाटली आली."

'उद्या सांगते,' म्हणून शाल्मलीने त्याला परत पाठवलं. भोगटेसाहेबांनी मात्र उत्तर तयार ठेवलं होतं. निहार गेल्यावर ते तिला म्हणाले, "तांत्रिक बिघाड झाला, असं निवेदन उद्या दहापर्यंत तुझ्या नावाने जाऊ दे. भिंतीवरची ओळ तू सांभाळतेस, लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी निहारच्या घरी गेली आणि घडलं ते सगळं सांगितलं. त्याने विचारलं,

"तुम्ही तिथे होता?"

"होते."

"आणि?"

"गप्प उभी राहिले."

"मग तेही लिहा," निहार म्हणाला. "आणि माझं नाव घालूनच लिहा."

दहाच्या आधी निवेदन गेलं. 'बिघाड काहीच नव्हता. निहारचं बोलणं कंपनीने मुद्दाम कापलं. मी तिथे होते आणि मी अडवलं नाही.' खाली शाल्मलीने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

तात्पर्य: नफ्याला धक्का लागताच जे मूल्य बाजूला ठेवलं जातं, ती नुसती जाहिरात असते, आणि ते बाजूला ठेवताना जो गप्प बघत राहतो, त्याने आपला वाटा कबूल केल्याशिवाय दुसऱ्याला दोष देऊ नये.