धाकट्या बशीची थंडी

फार जुनी गोष्ट आहे, खोटी वाटली तर वाटू द्या. बर्फाळ डोंगरावर विजेचा एक मनोरा होता. त्याच्या हाताला चिनी मातीच्या बशांची माळ टांगलेली आणि माळेखाली वीज वाहणारी तार. तारेतली वीज मनोऱ्यावर चढू द्यायची नाही, एवढंच बशांचं काम. पण सगळ्यात खालच्या धाकटीला थंडी सोसवेना.

एका हिवाळ्यात बर्फ गोड बोलत आला. “बायांनो, अशा दूर दूर का? मी तुम्हाला जोडून देतो, ऊब येईल.”

“अजिबात नको!” थोरली वरून ओरडली. “आपल्यात फट आहे म्हणून वीज खाली आहे.”

“तुला काय, तू वरच्या मजल्यावर!” म्हणत धाकटीने बर्फाला होकार दिला. मधल्याही भुलल्या. बशीबशीच्या काठावरून बर्फाच्या कांड्या लोंबल्या नि खालचीला चिकटल्या.

ऊन पडलं, बर्फ पाझरला आणि बशांवरच्या धुळीने मळलेल्या त्या पाण्यावरून वीज तडतडत वर चढू लागली. धाकटीचा काठ भाजला. आता माळ फुटणार, खालच्या गावाची वीज जाणार! ज्या वाऱ्याला ती रोज शिव्या द्यायची, त्यालाच तिने हाक मारली, “वारादादा, हलव रे आम्हाला!”

“आज बरी आठवण झाली!” म्हणत वाऱ्याने माळ गदगदा हलवली. कांड्या मोडून दरीत पडल्या. पुन्हा फटी मोकळ्या झाल्या, तडतड थांबली.

संध्याकाळी गावात दिवे लागले. थोरलीने विचारलं, “थंडी वाजते का गं?”

“वाजते की,” धाकटी खुशीत म्हणाली. “वाजू दे.”