रंग न धरणारी फळी

कुठलं राज्य आणि कुठला राजा, ते मला विचारू नका. फार फार जुन्या काळी, डोंगराखालच्या एका गावात केरू नावाचा शेतकरी राहत होता, एवढं पुरे. माणूस कष्टाळू, हाताचा कसबी. पण लोक काय म्हणतील या काळजीने कायम पोखरलेला. अशी माणसं तुमच्याही घरात असतील. नसली तर आरशात बघा.

केरूची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. व्याही बड्या घरचे, आणि केरू तर 'पाळणा मी माझ्या हाताने करीन' असं गावभर सांगून बसलेला. बाकीच्या फळ्या तयार झाल्या, पण उशाची फळी काही मिळेना. तिला कड्या बसतात, अर्ध्या पाळण्याचं ओझं तीच पेलते. तिथे हलकंसलकं लाकूड चालत नाही.

हे शेजारच्या हौसाकाकीच्या कानावर गेलं. तिने आपल्या ओट्यावरच्या बाकाची शिवणीच्या लाकडाची फळी काढली आणि केरूच्या दारात आणून ठेवली.

"काकी, मग तू बसशील कुठे?" केरूने विचारलं.

"जमीन आहे की बसायला. घे मुकाट्याने. जुनं लाकूड आहे, तडकायचं नाही."

केरूने फळी घासली. कात उकळून त्यात चिमूटभर चुना घातला, तसा विड्यासारखा लालसर रंग उतरला. फडक्याने तो लाकडाच्या रेषांच्या अंगाने चोळला. बाकी सगळीकडे रंग झकास बसला, पण फळीच्या एका कडेला, बरोबर मध्यावर, तळहाताएवढा डाग कोराच राहिला. तिथे रंग अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब थेंब होऊन बाजूला सरके. केरूने तीनदा रंग लावला आणि तीनदा तेच झालं.

बारसं दोन दिवसांवर आलं. जुनी डागाळलेली फळी बघून व्याही नाक मुरडतील, या विचाराने केरूला घास गोड लागेना. शेवटी त्याने रंधा काढला आणि डाग तासायला बसला. फळी पातळ होत गेली. डाग जरासा फिकटला, एवढंच.

तेवढ्यात म्हातारा नागू सुतार रस्त्याने चालला होता, तो थांबला. त्याने फळी हातात घेतली, डागावरून अंगठा फिरवला.

"आणखी एकदा रंधा मारलास, तर कडी फळी फोडून निघेल आणि पाळणा खाली येईल," तो म्हणाला. "नातीला आपटायचंय का?"

"मग हा डाग घालवू कसा?"

"डाग कुठला? तेल आहे ते, पार आतपर्यंत मुरलेलं. रंगाला शिरायला जागाच नाही. फळी कुणाची ही?"

"हौसाकाकीच्या बाकाची."

"बाकाच्या पुढच्या कडेला इतकं तेल कशाने मुरलं असेल, आठव जरा," असं म्हणून नागू तिथेच टेकला.

केरूला आठवायला वेळ लागला नाही. तो दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. दर चार दिवसांनी हौसाकाकी त्याला हाक मारायची. ती बाकावर बसायची, हा खाली तिच्या पायांशी, डोकं मागे फळीच्या कडेला टेकलेलं. वाटीभर तेल ती त्याच्या टाळूवर जिरवायची. 'माझी आई कधी येणार' असं त्याने विचारलं, की ती जास्तच जोराने चोळायची. काकीला मूलबाळ नव्हतं. त्या कडेला टेकलेलं डोकं एकट्या केरूचंच होतं.

"नागूबाबा, कसला करंटा मी," केरू म्हणाला. "तिची माया तासून काढायला निघालो होतो." आणि तो मोठा बाप्या माणूस हुंदके देऊन रडला.

मग त्याने रंधा ठेवून दिला आणि तासलेल्या जागी पुन्हा रंग चोळला. डिंकाच्या पाण्यात हळद कालवली आणि त्या डागाभोवती नाजूक वेल काढली. डाग तसाच मध्ये ठेवला. वरून सगळ्या पाळण्याला जवसाच्या तेलाचा हात दिला.

बारशाला घर माणसांनी भरलं. हौसाकाकी मात्र दाराशी मागे उभी राहिली. निपुत्रिक बाईने पाळण्याजवळ जाऊ नये, अशी तिथली रीत होती. विहीणबाईंनी पाळण्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "इथे रंग द्यायचा राहिला वाटतं?"

केरू पुढे आला.

"राहिला नाही, विहीणबाई. मला आई नव्हती. ती दाराशी उभी आहे ना, त्या काकीने मला याच फळीशी बसवून, डोक्याला तेल लावून वाढवलं. ते तेल आहे हे. तिचे उपकार मी आजवर बोलून दाखवले नाहीत, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो."

विहीणबाई उठल्या. त्यांनी हौसाकाकीचा हात धरून तिला पुढे आणलं, बाळ तिच्या ओंजळीत दिलं आणि म्हणाल्या, "पाळण्यात तुम्ही घाला. पहिला मान तुमचा."

काकीने बाळाला निजवलं. मग तिची बोटं त्या डागाकडे गेली, तिथेच थोडा वेळ राहिली.

"मेल्या," ती केरूला म्हणाली, "अजून तेलकटच आहेस," आणि पदराने डोळे पुसले. त्या दिवसापासून गावात कुठल्याही बाईला बारशाला दाराशी उभं राहावं लागलं नाही.

बोध इतकाच: ज्या हातांनी आपण वाढलो, त्यांची खूण झाकू नये; चारचौघांना दिसेल अशी मिरवावी.