पोमाजीचा पालथा धोंडा

त्या पालथ्या धोंड्यावर बसू नका. उठा. डबे तिकडे लिंबाखाली खा, इथं नको. बाकीचे सगळे धोंडे उभे आणि हा एकच आडवा, म्हणजे वाऱ्यानं पडला असं तुम्हाला वाटत असेल. एवढा धोंडा वाऱ्यानं पडत नाही. तो माणसानं मुद्दाम पालथा घातलाय. मी शाळेत फार गेलो नाही, आज्याकडून ऐकलं ते सांगतो. मधे बोलू नका.

हे धोंडे तुर्कांचे. त्यांचा मूळ मुलूख पार उत्तरेला, हिमालयाच्याही पलीकडे. तिथं नद्या गोठतात आणि नजर जाईल तिथवर नुसतं गवत. गवत संपलं की माणसं हलायची. कुणी बर्फाकडे गेलं, कुणी मावळतीला समुद्रापर्यंत, कुणी घोडे घेऊन इकडे दख्खनेत उतरलं. बोली सगळ्यांची मुळात एकच, म्हणे. हजार कोसांवरचे दोन तुर्क भेटले तरी घोडा, पाणी, आई एवढं तरी एकमेकांचं कळायचं. बोलीबरोबर एक रीतही हिंडली. सरदार मेला की त्यानं स्वतःच्या हातानं जेवढे मारले, तेवढे धोंडे त्याच्या कबरीपुढं रोवायचे. ते मारलेले मेल्यानंतरच्या मुलखात त्याची चाकरी करतात, घोडा धरतात, अशी समजूत. पुढं त्यांनी धर्म बदलला, तेव्हा बऱ्याचजणांनी ही रीत सोडली. बुगरा नावाच्या सरदाराच्या घराण्यानं सोडली नव्हती.

हा बुगरा आमच्या गावावर चालून आला. वेशीवर पोमाजी नावाचा राखणदार गोफण घेऊन उभा होता. बुगराचा भाला त्याच्या बरगडीत घुसला, आणि पडता पडता पोमाजीनं सोडलेला गोटा बुगराच्या कानशिलात बसला. बुगरा जागच्या जागी मेला. त्याला या टेकडीवर पुरला. एकेक धोंडा रोवत आले. शेवटचा पोमाजीच्या नावाचा. त्याचा खड्डा खणून झाला आणि वेशीकडून बातमी आली, तो राखणदार कण्हतोय, जिवंत आहे.

जित्या माणसाचा धोंडा रोवता येत नाही. दुसऱ्या कुणी मारलेलाही चालत नाही. तो बुगराच्या भाल्यानंच मरायला हवा. त्याशिवाय रांग पुरी होत नाही, आणि रांग पुरी झाल्याशिवाय मेलेल्याला वाट मिळत नाही. फौज पुढं निघून गेली. बुगराचा मुलगा इनाल मात्र चार घरची माणसं घेऊन मागं राहिला, पोमाजी मरायची वाट बघत.

रोज सकाळी तो पोमाजीच्या दारात यायचा. आधी त्याच्या बोलीत, मग मोडक्या मराठीत विचारायचा, "आज कसं आहे?" जखम उघडून बघायचा आणि जायचा. पोमाजीच्या बायकोनं, देमाईनं, दार लावून घेतलं तर बाहेर बसून राहायचा. त्रास काही द्यायचा नाही. उलट दूध आणायचा, अंगणातले विंचू मारायचा. पोमाजी तापानं फणफणला तेव्हा वैदूही त्यानंच आणला. ताप, साप, भूक, कशानंही पोमाजी मेला असता तर धोंडा खोटा पडला असता. देमाई एकदा त्याला म्हणाली, "दादा, माझा सख्खा भाऊ इतकं करत नाही. पण तुम्ही हे कशासाठी करता ते मला ठाऊक आहे."

पोमाजी मरणाला भीत नव्हता. ज्यानं भाला घातला त्याचाच घोडा मेल्यावर धरायचा, तोही कायमचा, या विचारानं त्याला घाम फुटायचा. जखम काही भरत नव्हती. कूस बदलली की पाणी यायचं. एकदा तो रांगत जाऊन नागाच्या वारुळापाशी बसला, वारुळात हात घालून. इनालनं त्याला काखेला धरून ओढत घरी आणला.

अशी वर्षं गेली. इनालच्या तंबूंची घरं झाली, तीच ही खालची तुर्कगल्ली. पोरं इथल्या पोरांत खेळली, मराठी बोलायला लागली, बापाच्या बोलीला हसायला लागली. बरोबरचे म्हातारे एकेक करून गेले. इनालची बोली समजणारा गावात एकटा पोमाजी उरला, रोज सकाळी ऐकून ऐकून शिकलेला. दोघं ओट्यावर बसून तीच बोली बोलत भांडायचे.

"अजून इथंच का तू?" इनाल म्हणायचा.

"तुझ्या बापाला म्हणावं, घोडा धरायला दुसरा मोतद्दार बघ," पोमाजी म्हणायचा. पण हसता हसता त्याचा हात बरगडीवर जायचा.

शेवटी पोमाजी खरंच निघाला. त्यानं इनालचं मनगट असं आवळलं की वळ उठले. इनालच्याच बोलीत विचारलं, "जखमेनं जातोय, का म्हातारपणानं? तूच बघ आणि सांग."

इनालनं फडकं बाजूला केलं. जखम फुटली होती, फडकं रक्तानं भिजलं होतं. त्यानं ते पुन्हा झाकलं.

"म्हातारपणानं," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

पोमाजीची मूठ सैल झाली.

इनाल टेकडीवर आला आणि काठावर ठेवलेला तो धोंडा त्यानं खड्ड्यावर पालथा घातला. त्या दिवसापासून त्याचं धाबं दणाणलं. बापाला त्यानं फसवलं होतं. वारा सुटला की तो दार लावायचा. घोडा खिंकाळला की अंगावर घोंगडी ओढायचा. ज्या बोलीत हे कुणाला सांगावं, ती आता कुणाला येत नव्हती. मरताना पोरांना त्यानं मराठीतच सांगितलं, "मला त्या पालथ्या धोंड्याखाली पुरा. रांगेत एक जागा रिकामी आहे. घोडा मी धरीन."

पोरांनी तसं केलं.

आजही तुर्कगल्लीत, आणि आमच्या सगळ्याच गावात, खाटेवर पडलेल्या माणसाला कसं आहे म्हणून कुणी विचारत नाही. सून सासूला विचारत नाही, लेक बापाला नाही. मागच्या थंडीत मी पडून होतो तेव्हा माझा मुलगा आला, पायाशी बसला, ज्वारीचं बोलला, म्हशीचं बोलला. तो भ्यालाय हे मला कळत होतं, मी भ्यालोय हे त्याला. दिवेलागणीपर्यंत बसला. पण विचारलं नाही त्यानं.