आगीचा भाचा

वस्तूंना वाचा होती, त्या काळी एका काचकारखान्यात पायराइट नावाचा पिवळाधमक दगड राहायचा. लोक त्याला सोनं समजून उचलत आणि दगड आहे हे कळलं की फेकून देत. त्यामुळे बिचारा कायम हिरमुसलेला असे.

एकदा शब्दकोश त्याला म्हणाला, "अरे, तुझ्या नावातलं 'पायर' 'आग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. तू आणि भट्टीचं तापमान मोजणारा हा पायरोमीटर, दोघेही आगीच्या घराण्यातले!"

पायराइट अभिमानाने फुगलाच. "म्हणजे भट्टीतली आग माझी सख्खी मावशी! चल पायरोमीटर, पाया पडून येऊ."

"मी लांबूनच नमस्कार करतो. मावशी आज हजार अंशांवर आहेत."

"भित्रा कुठला!" म्हणत पायराइटने भट्टीत उडी मारली. "मावशी, ओळखलंत का?"

"ये रे माझ्या बाळा!" आगीने त्याला कडकडून मिठी मारली. त्याबरोबर त्याच्या अंगातल्या गंधकाचा असा उग्र वास सुटला, की शब्दकोशाने सगळी पानं मिटून घेतली. भट्टीजवळचा चिमटा धावत गेला आणि त्याने पायराइटला बाहेर ओढलं. तो काळा-तांबडा पडला होता.

"मावशीने काय दिलं?" पायरोमीटरने विचारलं.

"माया," पायराइट खोकत म्हणाला. "फार माया. पुढच्या वेळी मी पत्रच पाठवीन."