उताणे धोंडोपंत

तळ्यांना कान होते त्या काळची गोष्ट. कासवांचे म्होरके धोंडोपंत भर उन्हात बांधावरून घसरून उताणे पडले. पोट भाजू लागलं. शहाणी कासवं धावली, म्हणजे ऊन कलायच्या आत पोचली, आणि सभेला बसली. रीतीप्रमाणे पहिला शब्द म्होरक्याचा, आणि उताण्याचं बोलणं सभेत धरत नाहीत. मग काय, सगळी थोबाडं मिटून बसली.

"आजोबांचा पाळणा झालाय," म्हणत नात चिंगी झोके देऊ लागली.

"कार्टे, कासव आहे ते," सभा खेकसली.

एका मोठ्या झोक्यासरशी धोंडोपंत चारी पायांवर आले. "पाळणा म्हणे," ते फुत्कारले. "अक्कल शिकवा हिला."

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा उताणे पडले. सभा जमायच्या आत हळूच म्हणाले, "चिंगे, पाळणा हलव गं."