मानेवरचा गुडघा

एका वृद्ध पशुवैद्याने तरुणपणी एकदा एक आवाज ऐकला होता, वाळलेली फांदी मोडावी तसा. तो कसला होता, हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते.

त्याच्या दवाखान्यात मोठ्या जनावरांना नळीने वायू हुंगवून भूल देत. एक व्यापारी नवा वायू घेऊन आला. म्हणाला, "जुन्याने जनावर तासाने उठतं, माझ्याने वीस मिनिटांत उभं!" महिनाभर दोन्ही आलटून पालटून वापरून पाहायचे ठरले. वैद्याचा शिष्य घड्याळ लावून मिनिटे लिही. गुरू मात्र स्वतःच्या वहीत काही टिपत आणि वही मिटून ठेवत. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. गुरुजी जुन्याची बाजू तर घेत नाहीत ना?

शेवटच्या दिवशी एका धनगरणीची घोडी आली. तिचा सारा संसार त्या घोडीच्या पाठीवर हिंडे. नव्या वायूची भूल देऊन घोडीच्या पोटाची गाठ काढली. थोड्याच वेळात तिने मान उचलली, तोच गुरूंनी तिच्या डोळ्यांवर पंचा टाकला आणि मानेवर गुडघा रोवला.

"अहो वैद्यबुवा, उठू द्या की तिला!" व्यापारी ओरडला. "मुद्दाम वेळ काढताय."

"माझ्या घोडीला दाबून मारतंय का काय हे म्हातारं?" धनगरीण पुढे धावली.

शिष्यालाही राहवले नाही. "गुरुजी, ही लबाडी आहे."

गुरू हलले नाहीत. अर्ध्या तासाने त्यांनी गुडघा काढला. घोडी एका दमात उठली आणि उभी राहिली.

मग त्यांनी वही शिष्यापुढे धरली. तीत मिनिटे नव्हतीच. उठताना कोणते जनावर किती वेळा पडले, एवढेच होते. नव्या वायूपुढचे आकडे मोठे होते.

"बाळा, शुद्ध आधी येते, पायांत बळ मागून येते. मधल्या वेळात जनावर घाबरून उठू पाहते. मीही एकदा असाच घड्याळ धरून उभा होतो. घोडी लवकर उठली म्हणून टाळी वाजवली. टाळी संपायच्या आत तिचा पाय मोडल्याचा आवाज आला."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितले असते, तर तू मला हवे तेच पाहिले असतेस." ते व्यापाऱ्याकडे वळले. "वायू वाईट नाही तुमचा. ठेवून घेतो. जनावराला थोपवायचे काम आम्ही करू."

धनगरीण सारे ऐकत होती. तिचा विश्वास बसला नव्हता. तिने खाली बसून घोडीचे चारही पाय वरपासून खुरापर्यंत एकेक करून चाचपले. मग दोर हाती घेतला, आणि घोडीला घेऊन चालू लागली.